बोलणीला बसा, पण आधी तहसीलमध्ये अर्ज द्या

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची अंजिराची बाग आहे. शेजाऱ्यांच्या बांधावरून आमची तीस वर्षांची वहिवाट. मध्यंतरी ट्रॉली वळवताना त्यांची ठिबकची नळी दोनदा फुटली. चार महिन्यांपूर्वी त्यांनी वाटेत चर खोदून काट्या टाकल्या. गावातली मंडळी म्हणतात बसून मिटवू, धाकटा भाऊ म्हणतो केसच करू. बोलणी केली तर आमची बाजू लंगडी पडेल का?

उत्तर : नाही पडणार. मिटवाच, असंच मी म्हणेन. पिकलेलं अंजीर तारखांसाठी थांबत नाही, आणि पाट्या डोक्यावरून डांबरीपर्यंत नेताना माल दबतो तो वेगळाच.

मात्र मुदत सांभाळा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या वाटेतला अडथळा तहसीलदार काढायला लावतात. पण अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हवा. बोलणी चालू आहेत म्हणून हे दिवस थांबत नाहीत. ‘लग्नसराई उरकली की बसू’ म्हणत मुदत घालवलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नव्याने रस्ता मागायचा, नाहीतर दिवाणी दावा लावायचा, एवढंच उरतं. तुमच्या हातात दोन महिने आहेत. सातबारा, गटाचा नकाशा, चराचे फोटो जोडून याच आठवड्यात अर्ज द्या. भावाला सांगा, जेसीबी आणून चर बुजवायचा नाही. रस्त्याचं प्रकरण फौजदारीत गेलं की तडजोड लांबते.

आता बोलणी. माझ्या मते भांडणाचं मूळ त्या नळीत आहे. ‘वाट आमच्या हक्काची’ इथून सुरुवात करू नका, नळीपासून करा. वळणावर ती जाड पाइपात घालून जमिनीखालून न्यायची, वर मुरूम टाकायचा, खर्च तुमचा. वाटेची रुंदी सगळ्यांसमोर टेप लावून फुटांत ठरवा.

तंटामुक्ती समितीला जरूर बसवा. २००७ पासूनच्या या मोहिमेत बांधाचे कितीतरी वाद गावातच मिटले. पण समितीपुढचा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ठरलेलं लिहून तहसीलदारांपुढे तडजोड म्हणून दाखल करा आणि तसा आदेश घ्या. गट नंबर, वाट कुठून कुठे, रुंदी किती, सगळं त्यात यावं. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराची सही हवी, सासरी गेलेल्या बहिणींचीसुद्धा. एक सही राहिली तर वाद पुन्हा उकरला जातो. दुसरा मार्ग शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. तिथे दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. पुढे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वाटेची नोंद मागा.

आणि अर्ज दिलात की त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर जा. ‘मुदत संपत होती म्हणून दिलाय, भांडायला नाही,’ हे त्यांना नोटीस हातात पडण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या.