ऐतिहासिक बेड अँड ब्रेकफास्ट इनमधली अँटिक फर्निचरची खोली घ्यावी का? तिथे झोप नीट लागते का?

तुम्ही लिहिलंय की लग्नाच्या वाढदिवसाला एका जुन्या इनमध्ये, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता देणाऱ्या छोट्या हॉटेलात, राहायचा विचार आहे, खोल्यांचे फोटो सुरेख आहेत, पण पलंगावर झोप लागेल का आणि आपल्या हातून काही मोडलं तर काय, अशी धास्ती वाटते. मी जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करतो. त्यामुळे अशा खोल्या मी पाहुणा म्हणून कमी आणि पलंगाखाली आडवा पडून जास्त पाहिल्यात. माझ्या मते खोली जरूर घ्या. फक्त बुक करण्याआधी फोन करून थोड्या चौकशा करा.

सगळ्यात आधी पलंगाची रुंदी विचारा. जुने डबल पलंग बहुतेक 54 इंच रुंद असतात, आणि 48 इंचीही कमी नाहीत. 54 इंचात दोघं झोपले की माणशी 27 इंच येतात. आज ज्याला क्वीन साइज म्हणतात तो 60 इंच असतो. घरी ऐसपैस झोपायची सवय असेल तर हा फरक पहिल्याच रात्री कळतो. जाणते मालक यावर तोडगा काढतात: उशाकडची आणि पायथ्याची कोरीव फळी मूळचीच ठेवायची, पण मधल्या पट्ट्या नव्या, लांबरुंद करून घ्यायच्या, म्हणजे आजची गादी नीट बसते. मी स्वतः असे पलंग करून दिलेत. यात काही फसवाफसवी नाही, उलट मालकाला पाहुण्याच्या पाठीची काळजी आहे हे त्यातून दिसतं. चौकट कितीही जुनी असू दे, गादी मात्र नवी हवी. ‘गादीसुद्धा त्याच काळातली’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर दुसरी जागा बघा.

कुस बदलली की पलंग कुरकुरतो का, हेही विचारा. बहुतेक वेळा तो आवाज सैल झालेल्या जोडांचा असतो. बोल्ट आवळले, सांध्यात थोडं मेण लावलं की बऱ्याचदा थांबतो. तरीही पलंग कुरकुरत असेल तर मालकाचं तिकडे लक्ष नाही असं समजा.

ढेकणांची भीती वाटत असेल तर लोखंडी किंवा पितळी पलंगाची खोली मागा. एकोणिसाव्या शतकात हे पलंग इतके खपले त्याचं एक मोठं कारण हेच होतं. लाकडाच्या फटींत ढेकूण दडून बसतात, धातूच्या नळीत त्यांना थारा कमी आणि पुसायलाही ती सोपी. लाकडी पलंगावर दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर ती ढेकणांची नसतात, लाकूड पोखरणाऱ्या किड्याची असतात. पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या किड्याची भोकंही तशीच राहतात, त्यामुळे घाबरू नका. भोकाखाली ताजा, फिकट रंगाचा भुसा पडलेला दिसला तर मात्र मालकाला सांगा.

आता मोडतोडीबद्दल. जुन्या फर्निचरवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून अत्तर, सॅनिटायझर किंवा दारू सांडली की लगेच डाग पडतो, आणि गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. पांढरा डाग वरच्या थरातला असतो, तो निघतो. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत गेलंय, आणि तो काढणं खरंच जिकिरीचं काम आहे. सांडलं तर लगेच कोरड्या फडक्याने टिपा आणि सकाळी स्वतःहून सांगा. स्वतः घासत बसू नका.

जुन्या खुर्च्यांचे जोड सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने, चिकटवलेले असतात. हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि सांधा डुगडुगतो. पण सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून तीच खुर्ची सुटी करून पुन्हा जोडता येते. आजच्या गोंदाने चिकटवलेल्या खुर्चीचं असं करायला गेलं की लाकूडच तुटतं. तुम्ही फक्त खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवू नका आणि ती उचलताना पाठीला न धरता बैठकीला धरा.

हे सगळं खरंच अँटिक असतं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. साधारण शंभर वर्षांच्या पुढच्या वस्तूला अँटिक म्हणतात, आणि एखाद्या खोलीतलं सगळंच सामान तेवढं जुनं असेल असं नाही. खण ओढून कोपऱ्यातला डव्हटेल जोड, म्हणजे दोन फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवलेला सांधा, बघा. हाताने कापलेला असेल तर दाते थोडे कमीजास्त असतात, मशीनचे मात्र एकसारखे. जेवणघरात बीच नावाच्या झाडाच्या वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या खुर्च्या दिसल्या तर त्या थोनेट या फर्निचर कंपनीच्या 14 नंबरच्या खुर्चीच्या घराण्यातल्या असू शकतात. 1859 सालची ही खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची आहे आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. जुनी, पण मुळात स्वस्तात कारखान्यात बनलेली. अशी सरमिसळ मला खोलीत आवडते. खुर्चीवर दोरी आणि आरशाशेजारी ‘हात लावू नये’ची पाटी असेल तिथे मात्र मी पैसे देऊन राहणार नाही.

उशाशी दार असलेलं छोटं कपाट दिसेल. पूर्वी रात्रीचं लघवीचं भांडं त्यात ठेवत. आता तिथे चार्जर असतो. संगमरवरी माथ्याचं टेबल म्हणजे नळ येण्याआधीचं तोंड धुण्याचं ठिकाण. त्यावरून आठवलं, ‘खासगी बाथरूम’ असं लिहिलेलं असलं तरी ते खोलीत आहे की पॅसेजपलीकडे, ते विचारून घ्या. जुन्या इमारतीत बाथरूमं मागाहून जागा मिळेल तिथे बसवलेली असतात.

लिफ्ट बहुतेक नसतेच आणि जिने अरुंद असतात, तेव्हा सामान कमी न्या. चाकांची बॅग पलंगाच्या पायथ्याच्या पेटाऱ्यावर ठेवू नका, जमिनीवरच ठेवा. त्या चाकांच्या ओरखड्यांवर माझं बरंचसं काम चालतं.