अडेलचे अल्बम किती आणि त्यांतला सर्वांत यशस्वी कोणता?

ब्रिटिश गायिका अडेल हिचे आजवर चारच स्टुडिओ अल्बम प्रकाशित झाले आहेत : ‘१९’ (२००८), ‘२१’ (२०११), ‘२५’ (२०१५) आणि ‘३०’ (२०२१). ही नावे म्हणजे ती गाणी ज्या वयातल्या अनुभवांतून आली, ते तिचे वय. चारही अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

पहिल्याच आठवड्यातील विक्री हा निकष धरला, तर ‘२५’ला तोड नाही, अमेरिकेत त्याच्या सुमारे ३३ लाख ८० हजार प्रती एका आठवड्यात विकल्या गेल्या आणि आधीचा २४ लाखांचा विक्रम फार मागे पडला. तो अल्बम सुरुवातीचे काही महिने स्ट्रीमिंगवर उपलब्धच नव्हता, हेही येथे लक्षात घ्यायला हवे.

तरीही माझ्या मते सर्वांत यशस्वी अल्बम ‘२१’ हाच आहे, कारण त्याचे यश एका आठवड्याचे नव्हते. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तो एकूण २४ आठवडे आणि ब्रिटनमध्ये २३ आठवडे अव्वल राहिला. त्यातील ‘रोलिंग इन द डीप’ अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या स्थानी होते, पण ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावरच थांबले. मायदेशी तिला एकल गाण्याचे पहिले अव्वल स्थान मिळाले ते ‘समवन लाइक यू’मुळे, तेही २०११च्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात केवळ पियानोच्या साथीने तिने ते गायल्यानंतर.