चिंचोटी नको, शिलोंडा बघा

साठी ओलांडलेले आईबाबा आणि आठ वर्षांची लेक यांना घेऊन जुलैतल्या एखाद्या रविवारी वसईजवळच्या चिंचोटी धबधब्याला जावं का, असं तुम्ही विचारलंय. स्पष्टच सांगते, जाऊ नका. जंगल सुरेख आहे, चालही फार नाही. पण वाटेत ओढे ओलांडावे लागतात आणि धबधब्याखालचा डोह फसवा आहे. आजवर तिथे बरीच माणसं बुडाली आहेत, म्हणूनच पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचंही तेच.

ट्रेक सोपा की अवघड हे आपण अंतर आणि चढ बघून ठरवतो. पावसाळ्यात मी आधी एकच विचारते: परतताना ओढा ओलांडावा लागतो का? आपला डोंगर काळ्या कातळाचा. त्यात पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे वर सर कोसळली की सगळं पाणी थेट ओढ्यात येतं. जाताना घोट्याला लागलेलं पाणी येताना मांडीपर्यंत चढलेलं असतं, तुमच्या डोक्यावर तेव्हा थेंबही पडत नसला तरी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. पाणी वाढलं तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध होते.

म्हणून आईबाबांनाही आधीच सांगून ठेवा: नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की सामान आहे तिथेच सोडून उंच काठावर चढायचं. ओढा भरला असेल तर ओसरेपर्यंत अलीकडेच थांबायचं. लेकीला कडेवर घेऊन पलीकडे जायचा विचारही करू नका.

तुमच्यासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली शिलोंडा वाट चांगली. मनमानी जाता येत नाही, उद्यानाची परवानगी आणि सोबत त्यांचा माणूस लागतो. मला ही गोष्ट फायद्याची वाटते, कारण आज पाणी किती आहे ते त्याला कळतं. फोन करून तारीख आधी ठरवा, आणि ओढा कुठे कुठे ओलांडावा लागेल हेही तेव्हाच विचारून घ्या. सोमवारी उद्यान बंद असतं. धबधबा छोटा आहे, पण जंगल भरगच्च. रानहळदीची गुलाबी टोकं दिसली तर लेकीला खाली बसून बघू द्या, खरी फुलं त्याखालच्या पानांच्या खोबणीत असतात, पिवळी. आणि आधाराला फांदी धरताना आधी नीट बघा. चापडा हा विषारी साप हिरव्या पानांत हिरवाच असतो, हलत नाही, त्यामुळे पटकन दिसत नाही.

बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर सरळ त्याच उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना जा. चांगला पाऊस झाला की लेण्यांमधल्या घळीतून पाणी धो धो वाहतं, आणि बाबा चैत्यगृहाच्या ओसरीत निवांत बसू शकतात. दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे मात्र हात धरा. खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका, माकडं ओढून नेतात.

तारखेचं म्हणाल तर जुलै सोडा. नारळी पौर्णिमेनंतर जा. धबधब्याला पाणी असतंच, सरींचा जोर थोडा उतरलेला असतो. छत्रीऐवजी रेनकोट, पायात जुने पण तळाची नक्षी शाबूत असलेले बूट. सँडल आणि क्रॉक्स नकोत. थालीपीठं, चिक्की, पाणी, कोरड्या कपड्यांचा एक जोड, बास.

पायाला खरचटलं असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना जंगलात, पाण्यात गेलो होतो हे आपणहून सांगा. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यांना वेळेवर यायला हवी.