चष्म्याचा नंबर उतरला, तरी डॉक्टरांना काळजी का?

प्रश्न : माझ्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू होता. ती दीड महिन्याची असताना शस्त्रक्रिया झाली. कृत्रिम भिंग बसवलेले नाही. आता ती चार वर्षांची आहे. वर्षभरात उजव्या डोळ्याचा नंबर अधिक १७ वरून अधिक १२ वर आला, डाव्याचा मात्र १६ च आहे. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तर डॉक्टरांनी काचबिंदूची शंका सांगून भूल देऊन तपासणी करण्यास सुचवले. डोळा दुखत नाही, लालही नाही. सासूबाई भुलीला तयार नाहीत. शस्त्रक्रियेची घाई केली, हे आमचे चुकले का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. तान्ह्या बाळाचा दाट मोतीबिंदू तसाच ठेवला, तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही आणि ती दृष्टी पुढे परत मिळवणे फार अवघड असते. मात्र इतक्या लहान वयात मोतीबिंदू झालेले मूळ भिंग काढलेल्या डोळ्यांत, आतले पाणी वाहून नेणारी जाळी पुढे नीट काम करीनाशी होण्याचा धोका राहतो. पाणी तुंबते, दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकू लागते; हाच काचबिंदू. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांचा अमेरिकेत दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यांच्यात काचबिंदूचे प्रमाण पहिल्या वर्षी सुमारे ९ टक्के होते, ते पाच वर्षांनी १७ आणि दहा वर्षांनी २२ टक्के झाले. कृत्रिम भिंग बसवल्याने हा धोका टळला नाही.

आता नंबराविषयी. डोळा लांबीने वाढतो तसा अधिकचा नंबर उतरत जातो, हे खरे. परंतु एकच डोळा झपाट्याने उतरत असेल, तर आतल्या दाबाने तो फुग्यासारखा ताणला जात असण्याची शक्यता असते. आपल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांच्या नजरेत हाच फरक भरला असावा. तान्ह्या बाळांत डोळ्यांतून पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) मोठे किंवा धुरकट दिसणे ही लक्षणे दिसू शकतात; चार वर्षांच्या मुलीत बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नये.

काही मुले साध्या यंत्राने दाब मोजू देतात, पण दाब, नस, बुबुळाची जाडी आणि डोळ्याची लांबी हे सारे एका बैठकीत पाहायचे तर भूल लागते. बुबुळाची जाडी मोजणे आवश्यकच आहे, कारण अशा डोळ्यांत ते जाड असते आणि दाब प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो. सासूबाईंची भीती भूलतज्ज्ञांसमोरच बोलून दाखवावी, त्यात संकोच नको.

निदान झाल्यास प्रथम सहसा थेंब आणि ते पुरले नाहीत तर शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. घरातल्या मोठ्यांचे काचबिंदूचे थेंब मुलीला कधीही घालू नयेत. त्यांतील ब्रिमोनिडीन या औषधाने लहान मुले गुंगतात आणि तान्ह्यांचा तर श्वासही मंदावू शकतो.

तपासणीला जाताना चष्म्याच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून न्याव्यात. नंबर केव्हापासून आणि किती वेगाने उतरला, हे त्यांवरूनच कळेल.