एलव्हॅड बसवल्यावर बाबा विसरायला लागलेत. पंपामुळे मेंदूवर परिणाम झाला असेल का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना एलव्हॅड, म्हणजे हृदयाला मदत करणारा पंप, बसवून तीन आठवडे झालेत. जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पंपाची बॅटरी बदलायला शिकवलं तरी पुढच्या वेळी पाटी कोरी, आणि घरात सगळे म्हणतात, 'पंप बसवला आणि डोकं गेलं.' मी टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलात अशाच पेशंटची नर्स-कोऑर्डिनेटर आहे. बाबांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय छातीठोकपणे काही सांगता येणार नाही, पण तिसऱ्या आठवड्यात असं दिसणं मी खूपदा पाहिलंय आणि त्यावरून कायमचा निष्कर्ष काढू नये, हे नक्की सांगते.

आधी एक विचारते: ऑपरेशनच्या आधीचं वर्षभर ते कसे होते? हार्ट फेल्युअरच्या पेशंटपैकी साधारण पाव ते निम्म्या लोकांच्या स्मरणशक्तीवर, एकाग्रतेवर पंपाच्या आधीच परिणाम झालेला असतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी जवळजवळ 15 टक्के रक्त त्याला लागतं. हृदयाचा जोर कमी झाला की मेंदूलाही कमी पडतं. घरच्यांना धाप दिसते, सुजलेले पाय दिसतात. बँकेचे व्यवहार त्यांनी कधी सोडून दिले, पेपर अर्ध्यावर का टाकायला लागले, हे 'आजारपणामुळे' म्हणून सोडून दिलं जातं.

त्यावर ऑपरेशन. हार्ट-लंग मशीन, व्हेंटिलेटर, गुंगीची औषधं, आणि दिवस-रात्र कळत नाही असं आयसीयू. त्यानंतरचं गोंधळलेपण ओसरायला काही जणांना आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या, इन्फेक्शन, लघवीच्या औषधाने घटलेलं सोडियम यांनीही ते वाढतं, म्हणून डॉक्टरांना ही तीन कारणं तपासायला सांगा. मनाने खचलेला माणूसही विसरभोळा वाटतो, तेही विचारात घ्यायला सांगा.

आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी स्मरणशक्ती, एकाग्रता बघणारी 30 गुणांची एक छोटी चाचणी घेतात. तिच्यात घड्याळ काढायचं असतं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. एक निवृत्त मेकॅनिक होते. त्यांनी गोल काढला, बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले, आणि काटे काढायचेच राहून गेले. बायको शेजारी बसून बघत होती. तिला धक्का बसला, कारण घरात असं काही कळलंच नव्हतं. पंपानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनीच आकडे नीट गोलावर मांडले, दोन काटे काढले, लहान-मोठे सुद्धा बरोबर. सगळ्यांचं इतकं छान होत नाही. पण आतापर्यंतच्या बहुतेक अभ्यासांत पहिल्या काही महिन्यांत एकतर सुधारणा दिसते, नाहीतर घसरण थांबते.

ज्यांचं बिघडतं त्यांच्यात मोठं कारण स्ट्रोक, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं किंवा फुटणं. पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं, आणि ते फार पातळ झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हार्टमेट 3 या पंपात फिरतं चाक चुंबकाच्या जोरावर तरंगतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, दोन पंपांची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांत स्ट्रोकचं प्रमाण त्याच्यात सुमारे 10 टक्के होतं, जुन्या हार्टमेट 2 मध्ये 19. म्हणजे धोका निम्म्यावर आला, गेला नाही. म्हणून वॉरफेरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची, वेळ चुकवू नका, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) टीमने सांगितलेल्या मर्यादेत (बहुधा 2 ते 3) राहू द्या. बीपीकडे तर माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. नाडी नीट लागत नसल्याने साध्या मशीनवर ते मोजता येईलच असं नाही, डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, मोजावं लागतं. सरासरी दाब (वरचा-खालचा असे दोन आकडे नव्हे, एकच) 90च्या वर राहायला लागला तर लगेच टीमला कळवा.

हळूहळू विसरणं वेगळं आणि अचानक बिघडणं वेगळं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, जोराची डोकेदुखी आली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा 'एलव्हॅड आहे' हे सांगा. नातेवाइकांतले डॉक्टर बऱ्याचदा 'एमआरआय करून घ्या' म्हणतात. हा पंप असताना एमआरआय चालत नाही, सीटी स्कॅनच करायचा.

आता बॅटरीचं. तुम्ही ते काम त्यांच्या हातातून काढून घेतलंय, असं लिहिलंत. काळजीपोटी केलंत हे कळतं, पण ते परत त्यांच्याकडे द्या, तुम्ही शेजारी उभं राहून. एका वेळी एकच बॅटरी, दोन्ही कधीच एकदम काढायच्या नाहीत. पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून चार्जरशेजारी चिकटवा आणि प्रत्येक पायरी त्यांना मोठ्याने वाचायला लावा. चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर ते आधी घालू द्या. निम्म्या 'विसरण्या'चं मूळ मला तिथेच सापडलंय. ते एकटे असताना मात्र बॅटरी बदलायची पाळी येऊ देऊ नका, निदान टीम हिरवा कंदील देईपर्यंत.

ऑपरेशनआधी अशी चाचणी झाली होती का, ते फाइलमध्ये बघा. नसेल तर पुढच्या तपासणीला आताची मागून घ्या आणि तीन महिन्यांनी तीच पुन्हा करायला सांगा. शक्य असेल तर मराठीतून घ्यायला सांगा, नाहीतर इंग्रजी न कळल्याचेच गुण कापले जातील.