दातांच्या दवाखान्यात बीपी कशाला?

प्रश्न : माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ते माथाडी कामगार होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दात साफ करायला नेलं, तर डॉक्टरांनी आधी सगळ्या आजारपणाची चौकशी केली, बीपी मोजलं आणि ‘हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ म्हणून परत पाठवलं. नुसते दात साफ करायला एवढं लागतं का? शेजारच्या काकू म्हणतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवा आणि दुसरीकडे करून घ्या. काय करावं?
– एक सून, घणसोली

उत्तर : आधी काकूंच्या सल्ल्याबद्दल. गोळ्या बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी, बसवल्यावर इकोस्प्रिन आणि त्याच्या जोडीची गोळी, बहुतेकांना क्लोपिडोग्रेल, देतात ती स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ती मध्येच सोडली तर स्टेंट बंद पडून अटॅक येऊ शकतो. दात साफ करताना हिरडीतून येणारं रक्त थोडं जास्त वेळ येईल, पण कापसाची घडी दाबून धरली की ते थांबतं. एवढ्याशा रक्ताच्या भीतीने हृदय धोक्यात घालायचं नाही. गोळीत काही बदल करायचा असेल तर तो तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगायचा.

आता चौकशीबद्दल. तुम्हाला परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. मी कोपरखैरण्यात दवाखाना चालवते. माझ्याकडे मार्केटात पाठीवर पोती वाहिलेली सातारा-सांगलीकडची खूप माणसं येतात. ‘काही आजार आहे का?’ विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘काही नाही, ठणठणीत.’ मग ‘रोज गोळी कुठली घेता?’ विचारलं की खिशातून तीन पाकिटं निघतात. गोळी चालू आहे म्हणजे आजार गेला, असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणून मी आजाराचं नाव विचारत बसत नाही, गोळ्यांची पिशवीच घेऊन यायला सांगते. तुम्हीही सासऱ्यांची न्या. त्यात सांधेदुखीची गोळी, वैद्यांचं चूर्ण, दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, सगळं असू द्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या जोडीला दुखण्याच्या काही गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव वाढतो. ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी दुसऱ्या प्रकारची औषधं घेणाऱ्यांच्या बाबतीत तर आम्ही हिरड्यांसाठी सर्रास देतो ते मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिकसुद्धा जपून द्यावं लागतं, कारण त्याने त्या औषधाचा जोर वाढतो. अशा रुग्णांचा आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी किटण, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, काढायला हात लावत नाही.

‘हृदयाचं ऑपरेशन झालंय’ एवढ्यावर आमचं भागत नाही. स्टेंट, बायपास आणि झडप बदलणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. किटण काढताना हिरडीतले जंतू थोडा वेळ रक्तात उतरतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं, पण कृत्रिम झडपेवर ते जाऊन बसले तर जिवावर बेतणारा संसर्ग होतो. म्हणून झडप बदललेल्यांना, किंवा असा संसर्ग पूर्वी होऊन गेलेल्यांना, दात साफ करण्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक मोठा डोस देतात. मोठ्यांना सहसा २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. पूर्वी हे पुष्कळ हृदयरुग्णांना दिलं जायचं. २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते सर्वाधिक धोक्याच्या मोजक्या रुग्णांपुरतं ठेवलं. नुसत्या स्टेंटसाठी ते लागत नाही. तुमच्या चिठ्ठीत स्टेंट कधी बसवला, कुठल्या गोळ्या किती दिवस चालणार आणि आत्ता दात साफ करायला हरकत आहे का, एवढं असलं की काम होतं.

बीपी मोजतात कारण दवाखान्यात येतानाच ते चढलेलं असतं. मी पाच मिनिटं शांत बसवून मग मोजते. १८०/११० किंवा त्यावर असेल तर किटण काढायची घाई नाही, आधी फिजिशियनकडे. आणखी एक, सासऱ्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्यासारख्या दिसत असतील आणि बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल, तर ते त्या गोळीमुळेही होऊ शकतं. दात साफ ठेवले तर ही सूज आटोक्यात राहते, आणि गरज पडली तर डॉक्टर गोळी बदलतात.

मधुमेह असेल तर एकच कळकळीची विनंती, उपाशी नेऊ नका. दाताचं इंजेक्शन उपाशीपोटी घ्यायचं असतं असं समजून लोक गोळी घेऊन न जेवता येतात आणि खुर्चीतच साखर उतरते. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि औषध नेहमीप्रमाणे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत असू द्या. साखर हाताबाहेर असली की हिरड्या भरून येत नाहीत, आणि हिरड्या खराब असल्या की साखरही लवकर आटोक्यात येत नाही.

तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारते. तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्रीची सवय आहे का? सुनेसमोर ते कबूल करणार नाहीत, तेव्हा डॉक्टरांशी त्यांना एकट्याने बोलू द्या. यात लाजवायचं काही नाही. आम्हाला गालाच्या आत, जिभेखाली, ओठामागे पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंडात उभी तीन बोटं जातात का, हे पाहायचं असतं. दोन आठवड्यांत न भरलेला कुठलाही व्रण असेल, तर दात साफ करणं बाजूला राहतं आणि आधी त्याचा तपास होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या आतून खराब असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आम्ही हिरडीच्या कडेचे खिसे, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली, मोजूनच अंदाज बांधतो. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे काळजी.

पावसाळा असेल तर नुकताच ताप येऊन गेला का तेही सांगा. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरलेल्या असतात, तेव्हा दात साफ करणं पुढे ढकलायचं.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. ब्रश करताना रक्त येतं. सासूबाई म्हणतात, बाळंत होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दात साफ करून घ्यायला चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा, तेव्हा आत्ताच जा. या दिवसांत हार्मोन्समुळे हिरड्या हळव्या होतात, किटण तसंच राहिलं तर त्रास वाढतो. किती महिने झाले आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे खुर्चीत बसण्याआधी सांगा. पोट जड वाटत असेल तर उजव्या कुशीखाली छोटी उशी घेऊन किंचित डावीकडे कलून झोपा. बीपी वाढलंय किंवा साखर आलीय असं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ती फाइल बरोबर न्या आणि सासूबाईंनाही घेऊन जा, म्हणजे त्यांच्या शंका तिथेच विचारता येतील.