ब्रँडला मेल लिहिण्याआधी त्यांचं पाकीट वाचा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. खान्देशी स्वयंपाकाच्या रील्स, ८,४०० फॉलोअर, जाहिरातीचं काम मिळावं म्हणून दोन महिन्यांत चाळीस ब्रँडना मेल. उत्तरं दोनच आली, आणि दोघांचंही म्हणणं एकच, "प्रॉडक्ट पाठवतो, रील टाका." फॉलोअर दहा हजारांवर जाईपर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात थांबू नका. मी साताऱ्यात राहून सात वर्षं हेच काम करते आहे. पैसे देणारं पहिलं काम मिळालं तेव्हा माझे जेमतेम सहा हजार फॉलोअर होते.

तुमची मेल दोनदा वाचली. मराठी छान आहे, पण पहिल्या सहा ओळींत सगळं तुमच्याबद्दलच आहे: आवड कशी लागली, चॅनेल कधी सुरू केलं, फॉलोअर किती. ब्रँडचं नाव फक्त वरच्या नमस्कारात. तेवढं बदललं की हीच मेल तेलवाल्याला चालेल आणि कुकरवाल्यालाही. रोज अशा पंचवीस मेल वाचणाऱ्या माणसाला ते पहिल्या ओळीतच कळतं.

माझं ते पहिलं काम कसं मिळालं ते सांगते. कोल्हापूरकडची एक छोटी कंपनी होती, कांदा-लसूण मसाला करणारी. त्यांचं पाकीट आमच्या घरात असायचं. एका दुपारी मी त्यांच्या ऑनलाइन विक्रीच्या पानावरचे सगळे रिव्ह्यू वाचून काढले. बहुतेक चांगले होते, पण "खारट" हा शब्द अठरा जणांनी लिहिला होता. कारण मला माहीत होतं. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्यात तो टिकावा म्हणून कुटतानाच मीठ घालतात, त्यामुळे आपण भाजीत मीठ बेतानं टाकतो. नागपूरच्या किंवा बेंगळुरूत राहणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? ती नेहमीसारखं मीठ घालते, वरून दोन चमचे मसाला, आणि दोष मसाल्याला लागतो. पाकिटावर मीठ छापलेलं होतं, घटकांच्या यादीत, बारीक अक्षरात.

मी लिहिलेली मेल अशी होती:

"नमस्कार. तुमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या रिव्ह्यूंमध्ये 'भाजी खारट झाली' असं अठरा जणांनी लिहिलं आहे. या मसाल्यात आधीच मीठ असतं, हे आपल्या भागाबाहेरच्या गिऱ्हाइकांना माहीत नसावं. पाव किलो भाजीला, वाटीभर डाळीच्या आमटीला आणि अर्धा किलो मटणाला मसाला किती आणि मीठ किती, असे तीन छोटे व्हिडिओ मी करून देऊ शकते. माझे ३१ टक्के प्रेक्षक पुण्यातले आहेत. मटकीच्या उसळीचा एक नमुना सोबत जोडला आहे. गुरुवारी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

त्याच संध्याकाळी मालकांच्या सूनबाईंचा फोन आला. "ताई, आम्हाला रोज हेच फोन येतात," हे त्यांचं पहिलं वाक्य. फॉलोअर किती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. तीन व्हिडिओंचे मी अठरा हजार सांगितले, पंधरावर ठरलं.

म्हणून चाळीस ब्रँडची यादी बाजूला ठेवा आणि ज्यांची वस्तू तुमच्या ओट्यावर आहे असे पाचच घ्या. एकेकाला दोन तास द्या. रिव्ह्यू वाचा, त्यांच्या पोस्टखाली लोक काय विचारतात ते बघा, किराणा दुकानदाराला विचारा की परत काय येतं. दुकानदाराला जे माहीत असतं ते कंपनीच्या मार्केटिंगवाल्यालाही कधीकधी माहीत नसतं.

तुमच्याच बाबतीत बोलायचं तर तुमची शेवभाजीची रील मी पाहिली. तिच्याखाली पंधरा-वीस बायकांनी विचारलंय, "आमची शेव विरघळून लगदा का होतो?" तुम्ही तिथे एका ओळीत उत्तर दिलंय की भाजीची शेव वेगळी, जाड आणि तिखट, आणि ती वाढायच्या वेळीच रश्शात सोडायची. ताई, हीच तुमची पिच, म्हणजे ब्रँडपुढे मांडायची कल्पना आहे! जळगाव-धुळ्याकडचे फरसाणवाले ही शेव पाकिटात घालून पुण्या-मुंबईला विकतात, आणि तिथली गिऱ्हाइकं ती चहासोबत खातात नाहीतर भाजीत बारीक शेव टाकून बसतात. दोन वाट्या शेजारी ठेवा. एकीत साधी शेव, दुसरीत भाजीची, वरून एकाच पातेल्यातला गरम रस्सा, आणि दोन मिनिटं कॅमेरा हलवू नका. हा नमुना मेलला जोडा. तुमच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टा दाखवतं त्या प्रेक्षकांच्या आकडेवारीत, शहरं बघा, पुणे, नाशिक आणि सुरत वर असतील असा माझा अंदाज आहे, कारण खान्देशातली माणसं तिकडेच जास्त गेली आहेत. ज्याला जळगावबाहेर माल विकायचाय त्याला ८,४०० या आकड्यापेक्षा ही शहरं महत्त्वाची.

मेल कुठे पाठवायची? वेबसाइटवरच्या सर्वसाधारण पत्त्यावर पाठवलेली बहुतेक तिथेच पडून राहते. पाकीट उलटं करा. तक्रारीसाठी फोन नंबर आणि मेल छापणं वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या सरकारी नियमांनी बंधनकारक आहे. त्या नंबरवर सकाळी अकराच्या सुमाराला फोन करून विचारा, "तुमच्याकडे जाहिरातीचं, इन्स्टाचं कोण बघतं?" छोट्या कंपनीत बहुतेक मालकाचा मुलगा, मुलगी नाहीतर सून असते, आणि नंबर मिळतो. पाच दिवसांनी एकदा आठवण करा, दहा-बारा दिवसांनी दुसऱ्यांदा, आणि तेव्हा नवं काहीतरी द्या, दुसरी कल्पना किंवा नुकत्याच गाजलेल्या रीलचे आकडे. तिसऱ्यांदा नको. आणि वेळ सांभाळा. दिवाळीचं बजेट दसऱ्याला शिल्लक नसतं. दिवाळीसाठी मी श्रावणात लिहिते, आणि उन्हाळी कामांच्या, म्हणजे मसाले, लोणची, पापडांच्या ब्रँडना संक्रांतीनंतर लगेच.

आता त्या "प्रॉडक्ट पाठवतो"वाल्यांबद्दल. बार्टर, म्हणजे पैशांऐवजी वस्तू घेऊन काम करणं, हे पापच, असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला नमुना म्हणून एक-दोन करायला हरकत नाही, पण वस्तू तुम्हाला खरंच हवी असेल तरच. दोनशे रुपयांच्या पाकिटासाठी दीड दिवस राबू नका. उत्तर असं द्या: "वस्तूबद्दल आभार. वापरून बघते आणि मत कळवते. व्हिडिओ हवा असेल तर माझा दर इतका आहे." त्यातले निम्मे गप्प होतात, पण काही जण "बरं, किती?" विचारतात, आणि बोलणी तिथून सुरू होतात. मिक्सर, ओव्हन अशी महाग वस्तू आली तर लक्षात ठेवा, १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीची वस्तू तुमच्याकडेच राहिली तर तिच्यावर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे आयकर आधीच कापून घेण्याचा, नियम लागतो. म्हणजे ती तुमची कमाईच धरली जाते.

दर ठरवताना दुसऱ्यांचे आकडे विचारत बसू नका. स्वतःचे दिवस मोजा: सामान, शूट, एडिटिंग, सबटायटल, फोनवर गेलेला वेळ. ब्रँडनं घासाघीस केली तर दराऐवजी काम कमी करा. "तीनऐवजी दोन व्हिडिओ देते" म्हणा. तेच काम कमी पैशांत दिलंत की पुढच्या खेपेला तोच तुमचा भाव होऊन बसतो.

कागदावर घ्यायच्या गोष्टींत माझा एकदा मोठा तोटा झाला, म्हणून हे जरा आग्रहानं सांगते. एका कंपनीला मी एक व्हिडिओ दिला, माझ्या पानावर टाकायचा म्हणून. त्यांनी तो उचलून वर्षभर स्वतःची जाहिरात म्हणून चालवला. माझा चेहरा, माझा आवाज, आणि मला त्याचा एक पैसाही नाही. भांडायला गेले तर हातात काहीच नव्हतं, कारण वापर कुठे आणि किती दिवस, हे मी लिहूनच घेतलं नव्हतं. त्या वर्षभरात दुसऱ्या दोन ब्रँडनी मला नाही म्हटलं, "तुम्ही तर त्यांच्या आहात" म्हणून. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर का होईना, पण काम सुरू करण्याआधी लिहून घेते: व्हिडिओ किती, बदल दोनदाच, माझ्या पानाबाहेर वापर फक्त तीन महिने आणि त्याचे पैसे वेगळे, निम्मे पैसे आधी, उरलेले पोस्ट झाल्यावर पंधरा दिवसांत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. ती फुकट आहे आणि आधार-पॅनवर होते, त्यामुळे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि ही एक ओळ छापायला लागल्यापासून माझी बिलं लवकर निघतात. तरीही अडलं तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते.

आणि जाहिरात ही जाहिरात म्हणूनच सांगा, व्हिडिओत तोंडानंही आणि अक्षरांतही. हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही, हे ग्राहक मंत्रालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही. पण मला दंडापेक्षा त्या शेवेखाली प्रश्न विचारणाऱ्या बायकांचं जास्त वाटतं. तुम्ही सांगितलं म्हणून त्या पाकीट विकत आणणार आहेत. मी वस्तू निदान पंधरा दिवस घरात वापरल्याशिवाय हो म्हणत नाही, आणि हेही पिचमध्ये लिहिते. चांगल्या ब्रँडला ते आवडतं.

फरसाणवाल्यांना लिहायची मेल आधी इथे टाका, ब्रँडचं नाव झाकून. मी वाचून सांगते. सोबत त्या दोन वाट्यांचा फोटोही टाका, रस्सा घातल्यावर दोन मिनिटांनी काढलेला.